पासवर्डबदलू

सर्व्हरवर सॉफ्टवेअर चढवणाऱ्यांमध्ये पासवर्डबदलूंची जमात मोठी आहे. मायएसक्यूएलने काळ्या पडद्यावर ‘एरर १०४५: ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर रूट ॲट लोकलहोस्ट, यूजिंग पासवर्ड: येस’ असं सुनावलं, की हा गृहस्थ पासवर्ड बदलतो. खरं तर कोण आला, कुठून आला, येताना पासवर्ड आणला होता की नाही, असा सगळा पंचनामा त्या एका ओळीत असतो. याला त्यातला ‘पासवर्ड’ तेवढा दिसतो. मग ‘ॲडमिन१२३’चा ‘ॲडमिन@१२३’ होतो, तोही चालला नाही तर मागे उद्गारचिन्ह लागतं, आणि एंटरची कळ दर खेपेला जरा जास्त जोरात दाबली जाते. हा बदल होतो कुठे, तर सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये. डेटाबेसला त्याची खबरच नसते.

माझं म्हणणं एवढंच, की या खटल्यात पासवर्ड बहुतेक वेळा निर्दोष असतो. उबंटूवर मायएसक्यूएलचा रूट मुळात पासवर्ड बघतच नाही. लिनक्सवर तुम्ही कोण म्हणून बसला आहात ते बघतो. ‘सुडो मायएसक्यूएल’ म्हटलं की दार उघडतं. तिथे येणाऱ्या १६९८ क्रमांकाच्या एररमध्ये पासवर्डचा उल्लेखसुद्धा नसतो, तरी आमचा बहाद्दर बदलतो तो पासवर्डच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! रेडहॅटच्या घराण्यात मायएसक्यूएलचं स्वतःचं अधिकृत पॅकेज चढवलं, तर त्याच्या ५.७ आवृत्तीपासून तात्पुरता पासवर्ड सर्व्हर स्वतःच तयार करतो आणि लॉग फाइलमध्ये लिहून ठेवतो. हा ती फाइल सोडून बाकी सगळं उघडून बघतो. डॉकरवर पोस्टग्रेसचा पासवर्ड दिला, तर तो डेटाची जागा रिकामी असताना पहिल्यांदा काय तो वाचला जातो. नंतर कंटेनर दहादा पाडून उभारा, जुन्या व्हॉल्यूममधला जुना पासवर्ड हलत नाही. आणि गंमत म्हणजे, आता कनेक्शनच्या पत्त्यात त्या नव्या ‘@’ने खरीच पंचाईत होते. तिथे ते चिन्ह पासवर्ड आणि यंत्राचं नाव यांच्यामधलं कुंपण असतं. पासवर्डात हवं असेल तर ‘%४०’ असं लिहावं लागतं. नसलेला दोष याने अशा रीतीने स्वकष्टाने पैदा केलेला असतो.

यावर त्याचा वकील म्हणेल, एररच मोघम आहे, त्याने काय करावं? मोघम आहे, कबूल, तीही मुद्दाम. खातं नाही की पासवर्ड चुकला, हे चोराला कळू नये म्हणून दोन्हींना उत्तर एकच. पण जे सांगितलंय तेवढं तरी वाचायला काय हरकत आहे? ‘येस’च्या जागी ‘नो’ आलं, तर पासवर्ड पोचलाच नाही. मग तो कितीही बदलला तरी काय उपयोग? दुसरा बचाव जास्त वजनदार: बदलल्यावर कधीकधी चालतंच की! चालतं. कारण कुठून तरी उचललेल्या ‘आल्टर यूजर’च्या आज्ञेत ओळख पटवण्याची पद्धतच बदललेली असते. श्रेय मात्र त्या उद्गारचिन्हाला जातं, आणि पुढच्या खेपेला तेच औषध दुप्पट मात्रेत.

मला वाटतं, कारण मतीपेक्षा मानात आहे. सॉकेट, प्लगिन, पोर्ट हे सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. त्या अख्ख्या यंत्रणेत याच्या हातचं असं एकच, पासवर्ड. शिवाय ‘डिनाइड’ हा शब्द त्याला स्वतःला उद्देशून वाटतो. म्हणून तो शेवटी ‘स्किप ग्रँट टेबल्स’ लावून सगळी राखणच बंद करतो, रूटचा पासवर्ड एकदाचा बदलतो आणि विजयी मुद्रेने चहाला जातो. इकडे त्याच रूटच्या जुन्या पासवर्डावर चालणारी पगाराची, हजेरीची आणि कँटीनच्या कुपनांची सॉफ्टवेअरं एकामागून एक मान टाकतात. हिशेबनीस धावत आला, तर खुलासा तयार असतो: “सिक्युरिटीसाठी बदललाय, साहेब.”