आधी खुर्ची, मग जावास्क्रिप्ट

कंपनीच्या खर्चाने परिषदेला निघालेल्या वेब प्रोग्रॅमरकडे दोन याद्या असतात. पहिली मॅनेजरला मेलने पाठवलेली. तिच्यात सिक्युरिटी, स्केलिंग, क्लाउडचं बिल कमी करण्याचे उपाय अशी सेशन्स असतात. नुसती नावं वाचूनच मॅनेजरला तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटावेत. दुसरी यादी फोनमध्ये असते आणि ती कुणाला दाखवायची नसते. तिच्यात कुणीतरी जावास्क्रिप्टची एक ओळही न लिहिता नुसत्या सीएसएसमध्ये गेम बनवून दाखवणार असतं. दोन्ही याद्यांत सामाईक नोंद एकच सापडते: जेवणाची सुट्टी.

याद्या बनवायला हाताशी असतं काय, तर सेशनचं नाव आणि त्याखालच्या पाच ओळी. या ओळी परिषदेच्या कित्येक महिने आधी, निवड समितीला पटावं म्हणून लिहिलेल्या असतात. तेव्हा भाषण बहुधा तयारच नसतं. म्हणजे वक्त्याने स्वतःही न ऐकलेल्या भाषणावर श्रोत्याने अख्खी दुपार लावायची.

नावावर विसंबणाऱ्यांची कशी फजिती होऊ शकते, याचं उत्तम उदाहरण मे २०१३ मधलं आहे. अमेरिकेतल्या जेएसकॉन्फमध्ये टॉम ओकिनो आणि जॉर्डन वॉक यांचं एक सेशन होतं, ‘जेएस ॲप्स ॲट फेसबुक’. सरकारी परिपत्रकावर शोभावं असं नाव. याच सेशनमध्ये वेबपानं बांधण्याचं रिॲक्ट हे साधन जगापुढे आलं. बरं, जे आत बसले होते त्यांतल्या अनेकांना ते आवडलंही नाही. एचटीएमएल वेगळं आणि जावास्क्रिप्ट वेगळं, हे सोवळं सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाळलं होतं, आणि हे दोघं ते भर सभेत मोडत होते. आज हिंजवडीतली नोकरीची जाहिरात रिॲक्टचं नाव घेतल्याशिवाय क्वचितच पुरी होते. त्या दिवशी ‘फेसबुकच्या कौतुकात आपल्याला काय रस’ म्हणून कॉफी प्यायला गेलेल्याने आणि आत बसून नाक मुरडलेल्याने, दोघांनीही पुढे ते निमूटपणे शिकून घेतलं असणार.

याच्या अगदी उलट टोकाला गॅरी बर्नहार्टचं ‘वॅट’. कोडमॅश ही परिषद ओहायोतल्या सँडस्की गावी, चक्क इनडोअर वॉटरपार्क असलेल्या रिसॉर्टमध्ये भरायची. २०१२ साली तिथे बर्नहार्ट उभा राहिला आणि पाच मिनिटंही न घेता बसला. तेवढ्यात त्याने रिकाम्या ॲरेत रिकामा ॲरे मिळवणं वगैरे प्रकार करून जावास्क्रिप्टची अब्रू चव्हाट्यावर आणली. शब्दातून १ वजा करायला गेलं की ही भाषा ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’, असं उत्तर देते. त्याने ते ‘नॅन’ ओळीने जोडत नेऊन शेवटी ‘बॅटमॅन’ लिहिलं. जुन्या बॅटमॅन मालिकेचं शीर्षकगीत माहीत असलेल्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही. एवढं छोटं सेशन कुणी यादीत धरत नाही. पण तासभर चाललेल्या कित्येक गंभीर भाषणांपेक्षा लोकांना आजही तेच आठवतं.

वेब प्रोग्रॅमरांची ही अडचण वेबइतकीच जुनी आहे. डिसेंबर १९९१ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियोत ‘हायपरटेक्स्ट ९१’ परिषद भरली. टिम बर्नर्स-ली आणि रॉबर्ट कायो यांनी वर्ल्ड वाइड वेबवरचा शोधनिबंध पाठवला होता. तो नाकारला गेला. एका टेबलावर डेमो दाखवायला तेवढी परवानगी मिळाली. तिथे इंटरनेट नव्हतं, त्यामुळे खटपट करून फोनची तार ओढून आणावी लागली. हायपरटेक्स्टच्या पंडितांनी पाहिलं आणि त्यांना ते बाळबोध वाटलं: दुवे एकाच दिशेने जाणारे, दुसऱ्या टोकाचं पान गायब झालं तर कुणाला पत्ताही नाही. (आक्षेप शंभर टक्के बरोबर होता. ‘४०४’ त्याची साक्ष आजही रोज देतो.) तिथे गेलेल्यांच्या आठवणींत टकीलाच्या कारंज्याचाही उल्लेख येतो. त्या संध्याकाळी वेब आणि टकीला अशी निवड समोर होती, आणि गर्दी कुठे होती हे सांगायला नको. दोन वर्षांनी सिॲटलला हीच परिषद पुन्हा भरली, तेव्हा डेमोच्या टेबलांवर जिकडेतिकडे वेबच होतं.

चुकलेलं सेशन पुन्हा भेटतं, पण कधीकधी भलत्याच रूपात. नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ युरोपमध्ये रायन डाल नावाच्या तरुणाने सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.जेएस दाखवलं आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. जे तेव्हा हजर नव्हते ते पुढे कित्येक वर्षं हळहळले. मग २०१८ साली त्याच परिषदेत डाल पुन्हा उभा राहिला. या वेळच्या भाषणाचा विषय होता, नोडबद्दल मला पश्चात्ताप होतो अशा दहा गोष्टी. शिवाय जाता जाता डेनो हा नवा पर्यायही त्याने पुढे ठेवला. आता ज्याचं पहिलं भाषण हुकलं त्याचं नुकसान झालं की नऊ वर्षं वाचली, हे ज्याने त्याने आपल्या ‘नोड मोड्यूल्स’च्या फोल्डरचा आकार बघून ठरवावं.

या साऱ्या परिषदांत केलेली निवड निदान पाळता येते. फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेत ती कागदावरच राहते.

ब्रसेल्सच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या सोलबोश कॅम्पसवर फेब्रुवारीच्या सुमारास एका शनिवार-रविवारी फॉसडेम भरते. २००० साली ती ‘ऑसडेम’ नावाने सुरू झाली. सुरुवातीचा ‘एफ’, म्हणजे ‘फ्री’, रिचर्ड स्टॉलमनच्या आग्रहाने लागला. प्रवेश फुकट आणि नोंदणीच नाही, त्यामुळे किती लोक आले हे आयोजकांनाही नेमकं कळत नाही. अंदाज ८००० च्या वरचा असतो. अलीकडच्या वर्षांत दोन दिवसांतली भाषणं ८०० च्या पुढे गेली आहेत. जावास्क्रिप्टची खोली वेगळी, वेब परफॉर्मन्सची वेगळी, डेटाबेसची वेगळी, आणि या खोल्या जे, के, एच, यू, एडब्ल्यू अशा आद्याक्षरांच्या इमारतींत विखुरलेल्या. यान्सन नावाच्या मोठ्या सभागृहात सुमारे १४०० माणसं मावतात. बाकीच्या बहुतेक खोल्या वर्गाएवढ्या. वर्ग भरला की दारावर ‘फुल’ असा कागद लागतो आणि शेजारी स्वयंसेवक उभा राहतो. आगीच्या नियमांपुढे कुणाचंही काही चालत नाही. ‘मी खास भारतातून आलोय’ हे वाक्य तिथे चालवून पाहायला हरकत नाही, पण रांगेत पुढे उभा असलेला ब्राझीलहून आलेला असतो.

त्यावरचा उपाय मुंबईकडच्या प्रोग्रॅमरला शिकवावा लागत नाही. डोंबिवलीचे कित्येक लोक सकाळी सीएसएमटीला बसून जाता यावं म्हणून आधी उलट्या गाडीने कल्याणला जातात. फॉसडेममध्येही हेच करायचं. चारचं भाषण हवं असेल तर अडीचलाच त्या खोलीत शिरून खुर्ची धरायची आणि मधे जे येईल ते ऐकायचं. काही विषयांना खोली अर्धाच दिवस मिळते. त्यामुळे दुपारच्या जावास्क्रिप्टसाठी आलेल्यांना सकाळच्या मंडळींचं शेवटचं भाषण ऐकावं लागतं, आणि ते कशावरही असू शकतं: डिजिटल नकाशे, जुन्या कॉम्प्युटरांची डागडुजी किंवा सॉफ्टवेअर परवान्यांचा कायदा. सेशन निवडण्याचा सगळा अभ्यास अशा रीतीने खुर्ची निवडण्यावर येऊन थांबतो. त्यातही खुर्ची कडेची हवी, म्हणजे नको ते झालं तर पळता येतं, आणि खालच्या प्लगजवळची हवी, म्हणजे पळायची गरजच पडत नाही.

गंमत अशी की उलट्या गाडीतल्या या प्रवासात ऐकलेलंच जास्त लक्षात राहतं. हव्या असलेल्या भाषणातलं निम्मं ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं. म्हणून तर ते यादीत आलेलं असतं.

फॉसडेमचं वेळापत्रक खुल्या स्वरूपात मिळत असल्याने त्यावर चालणारी ॲप हौशी लोकांनी केव्हाच लिहून टाकली आहेत. आवडलेल्या भाषणावर खूण करायची, दोन भाषणं एकमेकांवर आली की ॲप तसं दाखवतं. तरीही दरवर्षी एखाद्याला वाटतं की यातलं एकही धड नाही, आपणच लिहावं. मग तो आदल्या आठवड्याच्या सगळ्या रात्री त्यात घालवतो आणि परिषदेचे दोन दिवस त्यातले बग काढण्यात. त्याची अडचण मात्र पुरती सुटते. कुठल्याच सेशनला जायचं राहत नाही.

सेशन न आवडल्यास उठून जावं का, याचंही शास्त्र आहे. हॅरिसन ओवेन याने ओपन स्पेस नावाची सभापद्धत काढली. तिच्यात ‘दोन पायांचा नियम’ आहे: तुम्ही काही शिकतही नसाल आणि कुणाला काही देतही नसाल, तर आपल्या पायांनी दुसरीकडे जा. अमेरिकी माणूस हा नियम सहज पाळतो. आभारप्रदर्शनापर्यंत बसण्याच्या संस्कारात वाढलेला मराठी माणूस मात्र वक्त्याच्या डोळ्याला डोळा भिडला की पुन्हा खाली बसतो आणि लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करतो.

मुरलेले लोक तर सांगतात की खरी परिषद कॉरिडॉरमध्ये असते. तिथलाही एक नियम आहे. ‘राइट द डॉक्स’ परिषदेचा सहसंस्थापक एरिक होल्शर याने तो सांगितला: घोळक्यात उभं राहताना पॅकमॅनच्या तोंडाएवढी जागा उघडी ठेवा, म्हणजे नव्या माणसाला शिरता येईल. चांगला नियम आहे. घोळक्यात दोन मराठी माणसं सापडेपर्यंत तो नीट चालतो. मग ‘तुम्ही पुण्यात कुठे?’ सुरू होतं आणि पॅकमॅनचं तोंड मिटतं.

रुबी भाषेची परिषद रुबीकॉन्फ इंडिया २०१४ साली गोव्यात भरली, तेव्हा निवड आणखी सोपी झाली. तिथे प्रत्येक सेशनच्या विरुद्ध समुद्र उभा होता, आणि समुद्राला पाच ओळींचा मजकूर लागत नाही.

उरलं रेकॉर्डिंग. आता बहुतेक परिषदांची भाषणं नंतर फुकट बघायला मिळतात, आणि ‘ते घरी गेल्यावर बघू’ म्हणत प्रोग्रॅमर हव्या असलेल्या निम्म्या भाषणांवर पाणी सोडतो. घरी गेल्यावर ती सगळी ‘नंतर पाहा’च्या यादीत जातात, गेल्या वर्षीच्या भाषणांखाली. त्यांतली दोन-तीन मात्र रात्री जागून, दीडपट वेगाने बघावीच लागतात. कारण सोमवारी टीमला केटी, म्हणजे ‘नॉलेज ट्रान्सफर’, द्यायची असते, आणि मॅनेजरला पाठवलेल्या यादीतल्या सिक्युरिटीच्या सेशनला तो गेलेलाच नसतो.

केटीची वेळ तीनची ठरते. तीन वाजताच शेजारच्या मीटिंग रूममध्ये दुसऱ्या टीमची केटी लागलेली असते, आणि तिच्या आमंत्रणात शेवटी ‘सामोसे आहेत’ असं लिहिलेलं असतं.