गाडी कुणाची हो ही?

पुण्यात फाटकासमोर आडवी लागलेली मोटार दिसली की माणूस आधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो. राग नंतरचा. ड्रायव्हर आत पेंगत असेल या आशेनं काचेला नाक लावायचं, दोन्ही तळहातांचा आडोसा करायचा आणि डोकवायचं. आत डॅशबोर्डवर मान डोलावणारा गणपती असतो, टिश्यूचा डबा असतो, पाण्याची अर्धी बाटली असते, मागच्या सीटवर लहान मुलाचा एकच बूट असतो. ड्रायव्हर नसतो. मग फाटकाचा मालक मान वर करून अख्ख्या गल्लीला विचारतो, "गाडी कुणाची हो ही?" गल्लीत उभी असलेली चार माणसं गाडीकडे अशा काही नवलानं बघतात, की ती आत्ताच आभाळातून पडली असावी. त्यातल्या एकाच्या खिशात चावी असते, पण ते फार उशिरा कळतं.

गाडी मुकी असते असं मात्र कुणी समजू नये. मराठी माणसाच्या गाडीइतकी बोलकी वस्तू दुसरी नाही. मागच्या काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' असतो. त्याखाली मुलांची नावं, थोरल्याचं आधी. एका कोपऱ्यात कुलदैवत, दुसऱ्यात जिरेटोप, मधे गावाचं नाव, नाहीतर तालमीचं. स्वामींचं अभयवचन असतंच. स्वामी त्याच्या पाठीशी आणि गाडी आमच्या फाटकाशी. 'प्रेस' लिहिलेलं असेल तर मालक बहुधा पत्रकार नसतो. 'पोलीस' असेल तर पोलिसाचा मेहुणा असतो. वकिलाचा पांढरा बँड चिकटवलेला दिसला तर मात्र आवाज न चढवता घरात परत जावं आणि चहा टाकावा.

मुरलेला माणूस नंबरप्लेटही वाचतो. एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड, 'तरीच!' म्हणायला आपण मोकळे. एमएच ११, सातारा. इथं बेतानं बोलावं. एमएच ४२, बारामती. इथं बोलूच नये. पण सगळ्यात वाईट एमएच १२. तो आपल्याच गावचा, पाट्या वाचत लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे वाचून न वाचल्यासारखं करण्यात तरबेज. पूर्वी ४१४१ ला असं वळण द्यायचे की 'दादा' वाचावं, २१४ चा 'राम' व्हायचा. सरकारी सुरक्षा पाट्या आल्या आणि दादा पुन्हा आकड्यांत गेले.

म्हणजे जात, गाव, देव, मुलंबाळं, मेहुण्याची नोकरी, सगळं काचेवर. नाही तो फक्त मोबाइल नंबर.

यावर सरकारी उपाय आहे. एमपरिवहन नावाचं अॅप उघडायचं, गाडीचा नंबर टाकायचा, की कुंडली समोर. गाडी पेट्रोलची की डिझेलची, नोंदणी कुठल्या आरटीओत, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधी संपलं, सगळं बिनबोभाट कळतं. मालकाचं नाव? पहिलं अक्षर, मग फुल्या, मग आणखी एखादं अक्षर, पुन्हा फुल्या. फोन नंबर नाहीच. खासगीपणा जपलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण फाटकाच्या आत अडकलेल्या माणसाला गाडीचा विमा ऑक्टोबरपर्यंत आहे हे कळून त्याची सोय होते ती काय? पीयूसी संपलेलं निघालं तर क्षणभर एक दुष्ट आनंद होतो, एवढंच.

कायदा आपल्या बाजूचा आहे, हे आधी सांगून टाकतो. १९८९ च्या रस्ता-नियमांतच लिहिलं होतं, की बसथांब्याजवळ, शाळेच्या नि दवाखान्याच्या दाराशी, आगीच्या बंबाला पाणी देणाऱ्या नळाशी आणि कुठल्याही आवाराच्या प्रवेशद्वारात गाडी लावू नये. म्हणजे तुमचं गंजकं फाटक आणि अग्निशमनाचा नळ एका ओळीत बसवलेत. याहून मोठा मान सदाशिव पेठेतल्या वाड्याला पेशवाईनंतर मिळालेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियम मोडल्याचा सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा केलंत तर १५००. मोटार वाहन कायद्याचं १२७ वं कलम पोलिसांना अशी गाडी उचलून न्यायची परवानगी देतं, खर्च मालकाचा.

उचलायची कशी, हा पुढचा प्रश्न. दुचाकी उचलणारा टेम्पो पुण्यात सगळ्यांनी पाहिलाय. त्यावरची पोरं इतकी चपळ, की ऑगस्ट २०२१ मध्ये नाना पेठेत त्यांनी गाडीवर बसलेल्या माणसासकट गाडी उचलली आणि तो फोटो देशभर फिरला. चारचाकीला क्रेन लागते. क्रेन गल्लीत शिरत नाही, कारण गल्लीत गाड्या लागलेल्या असतात. मग येतो जॅमर. पिवळाधमक, चाकाला मगरमिठी मारणारा. तुम्ही फोन करता, की साहेब, माझ्या फाटकासमोरची गाडी हलत नाही. साहेब येतात, ती कधीच हलू नये अशी व्यवस्था करतात, पावती चिकटवतात आणि जातात. तुमची तक्रार निकाली. गाडी जागेवर, तुम्ही आत.

हवा सोडण्याचंही तेच. 'हवा सोडण्यात येईल' या पाटीचं जगभर कौतुक झालं, तिच्यावर पुस्तकं निघाली, पण ही धमकी खरी करणाऱ्याच्या डोक्यात पुढचा हिशोब नसतो. चारी चाकं बसलेली गाडी कुठे जाणार? ती तिथंच बसणार, आपल्या फाटकात, पंक्चरवाला येईपर्यंत. वर दुसऱ्याच्या मालमत्तेचं मुद्दाम नुकसान केल्याचा गुन्हा आपल्यावर. कधी बघा, आपल्या भात्यातली एकूण एक शिक्षा गाडीला जागीच खिळवणारी आहे. वायपर उभे करून ठेवणे, समोर आपली दुसरी गाडी आडवी लावणे, बोनेटवर शेणाची पाटी ठेवणे (हा प्रकार एरंडवण्यात घडल्याचं ऐकलंय, शेण कुठून आणलं असेल हेच कुतूहल), सगळ्याचा निकाल एकच. सूड पुरेपूर, रस्ता बंद.

गाडीचा मालक हुडकून काढण्याची खात्रीची यंत्रणा माझ्या पाहण्यात एकच आहे, मंगल कार्यालयाचा माइक. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कार्यालय आहे. लग्नसराईत तिथले पाहुणे आमच्या सगळ्या फाटकांना घरचाच मांडव समजतात. मग गल्लीतलं कोणीतरी जातं, सनईवाल्याला खुणेनं थांबवतं, आणि मुहूर्ताला चार मिनिटं उरलेली असताना घोषणा होते, "पांढऱ्या रंगाची गाडी ज्यांची असेल त्यांनी ती ताबडतोब काढावी." देशात पांढऱ्या गाड्यांचा खप सर्वांत जास्त, त्यामुळे अर्धा मांडव उठतो. अक्षता मुठीत धरलेले वीसेक काका दाराकडे निघतात. भटजी अंतरपाटाच्या अलीकडून खाकरतात. वधूचा मामा फाटकाशी येऊन ओशाळं हसतो. गाडी त्याची नसते, पण मामाला सवयच असते सगळ्याबद्दल ओशाळं हसायची. खरा मालक उठतच नाही. तो खाली पहिल्या पंगतीत बसलेला असतो आणि जिलबी यायची असते.

पण समजा, आलाच. मालकाचं आगमन हा बघण्यासारखा प्रसंग असतो. तो धावत येत नाही. तो बोटात चावी गरगर फिरवत, फोनवर बोलत, आपल्याकडे 'एक मिनिट' असा पंजा दाखवत येतो. फोन संपतो. मग तो म्हणतो, "काका, हॉर्न द्यायचा ना!" हॉर्न माझ्या गाडीला, माझी गाडी फाटकाच्या आत, आणि तो तीन इमारती पलीकडे दुसऱ्या मजल्यावर मुलीच्या क्लासची फी भरत होता, पण सूर असा, की चूक आपलीच. किंवा म्हणतो, "दोनच मिनिटं गेलो होतो." बाई असतील तर म्हणतात, "अहो, मला वाटलं हे गेट बंदच असतं." गेट बंद असतंच. बंद असतं म्हणूनच त्याला गेट म्हणतात, नाहीतर भगदाड म्हटलं असतं. यावर खवळून दोन शब्द बोलावे तर जमलेली गल्ली त्याची बाजू घेते: "जाऊ द्या ना काका, काढतोय ना तो आता."

गल्लीच्या या क्षमाशीलतेचं इंगित उघड आहे. गल्लीतला प्रत्येक जण संध्याकाळी दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीत हाच उद्योग करून आलेला असतो. २०१८ साली पुण्यात नोंदलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांवर गेला, तेव्हा शहराची लोकसंख्या ३५ लाख धरत होते. म्हणजे तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला एक वाहन देऊन लाखभर उरली होती. त्याच वर्षी महापालिकेनं पार्किंगचं धोरण मंजूर केलं, पैसे भरून रस्त्यावर गाडी लावायचं; बोंबाबोंब झाली आणि धोरण कपाटात जाऊन पडलं. कपाटासमोर कुणी गाडी लावली होती की काय, देव जाणे.

आणि इमारतींच्या पोटात जी जागा गाड्यांसाठी म्हणून सोडलेली होती, तिचं काय झालं ते जाऊन बघा. खांबांच्या मधल्या जागेत वॉचमनची खोली, त्याला लागून इस्त्रीवाला, पलीकडे चेअरमनच्या जावयाचं फर्निचर. ही जागा बिल्डरनं वेगळी विकायची नाही, ती सगळ्या सभासदांची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगून ठेवलंय. निकाल छान आहे. फर्निचरही सागवानी आहे.

वरून फाटकवाल्यांचीही एक जमात आहे, जी समोरचा सरकारी रस्ता सातबाऱ्यावर चढल्यासारखी वागते. कायदा तुम्हाला आत-बाहेर करायची वाट देतो, रस्त्याची मालकी देत नाही. तरी फाटकाच्या दोन्ही अंगांना सिमेंट भरलेले डबे, त्यात रोवलेले पाइप, पाइपाला साखळी, आणि तुळस. तुळस मुद्दाम. साखळी काढायला पालिकेची माणसं येतात, तुळशीला हात लावायला धजत नाहीत.

राज्यकर्त्यांनाही हे दुःख ठाऊक आहे. जून २०२२ मध्ये नितीन गडकरी म्हणाले, की चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचा फोटो पाठवा, हजार रुपये दंड झाला तर पाचशे तुमचे, असा कायदा आणतो. तेव्हा त्यांनी हेही सांगितलं होतं, की नागपुरातल्या त्यांच्या आचाऱ्याकडे दोन सेकंडहँड गाड्या आहेत. पुण्यातल्या निवृत्त मंडळींनी त्या रात्री बाल्कनीतल्या खुर्च्या रस्त्याच्या बाजूला वळवून घेतल्या. रोजचे दोन फोटो धरले तरी पेन्शन मागे पडत होती. कायदा काही आला नाही, खुर्च्या अजून तशाच आहेत.

पुढं जानेवारी २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी बोलायला सुरुवात केली, की पार्किंगची जागा असल्याचा दाखला आणा, मगच नवी गाडी नोंदवू. जपाननं हे १९६२ मध्ये केलंय. तिथं घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा दाखवावी लागते आणि तिथले पोलीस ती तपासतात. आपल्याकडे जागेआधी दाखला तयार होईल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मेहुण्याचा तळेगावातला एक प्लॉट अकरा गाड्यांना पुरेल, आणि अकराही गाड्या रात्री कोथरुडात झोपतील.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. मंत्री नको, क्रेन नको, जॅमर तर नकोच. आई-बाबांच्या आशीर्वादाखाली दहा आकडे लिहा. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहून काचेच्या आत ठेवले तरी चालतील. काही सज्जन ठेवतातही. परवा एक असाच भला माणूस भेटला, म्हणजे त्याची गाडी भेटली. काचेतून नंबर दिसला, मला गहिवरून आलं. फोन लावला. आधी आरती वाजली, पूर्ण एक कडवं. मग आवाज आला.

"नमस्कार," मी म्हटलं, "तुमची गाडी माझ्या फाटकासमोर आहे, जरा काढता का?"

पलीकडे विचार चालल्याची शांतता.

"कुठली?" त्यानं अगदी अदबीनं विचारलं. "पांढरी का लाल? कारण काका, पांढरी लगेच काढतो. लालच्या पुढं मिसेसची लागलीये."