काचेवरचा अंमल

स्वयंपाक करणाऱ्या मनुष्याची बोटे बहुतांशी ओली, तेलकट वा पिठाने माखलेली असतात, ही गोष्ट ज्यास ठाऊक नाही अशाच एखाद्या विद्वान अभियंत्याकडे इंडक्शनच्या शेगडीवरील बटणांची तजवीज सोपविलेली असावी, असा तर्क करण्यास पुष्कळ आधार आहे. काचेखालील संवेदक बोटाच्या स्पर्शाने विद्युत्-धारितेत होणारा सूक्ष्म बदल टिपतात. परंतु ओलाव्यानेही तसाच बदल घडत असल्याने, दूध उतू जाऊन काचेवर पसरले, की नेमके त्याच क्षणी यंत्र मालकाचे बोट ओळखीनासे होते, पीं पीं असा आक्रोश करते आणि मर्जी झाल्यास स्वतःस बरखास्त करून घेते. (दूध तोवर ओट्यावरून खाली पोहोचलेले असते.) सपाट काच पुसावयास सोपी, हे कबूल, गॅसच्या फिरत्या बटणाभोवती साचणारा मेणचट मळ कोणास प्रिय नव्हता. पण फोडणी करपू लागली असता, कढईवरची नजर न हलविता, ते बटण नुसते चाचपून आच मंद करता येत असे. पुसण्याचे काम दिवसातून दोनदा, आच कमी-अधिक करण्याचे पन्नासदा. तेव्हा कारखानदारांस विनंती इतकीच, की काच खुशाल ठेवावी, आचेसाठी मात्र एक फिरते बटण द्यावे.