इन्व्हॉइस पाठवते, एवढंच?

‘सेंड इन्व्हॉइस : इन्व्हॉइस पाठवते.’ एका बिलिंग सॉफ्टवेअरने एआय एजंटसाठी जे साधन दिलं आहे, त्याचं हे संपूर्ण वर्णन. खाली रकान्यांची यादी आहे. ‘रक्कम : इन्व्हॉइसची रक्कम. तारीख : इन्व्हॉइसची तारीख.’ असा मजकूर तपासून नीट करणं हे माझं काम आहे. त्याबद्दलची तक्रार लहान वाटेल, पण मला ती लहान वाटत नाही.

अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणल्यापासून अशी साधनं एजंटला जोडणं सोपं झालं. साधनाचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती कशी भरायची याचा आराखडा, एवढं एजंटच्या हाती येतं. दुकानातला नवा मुलगा अडला तर गल्ल्यावरच्या शेठना विचारतो, जुनी फाइल काढून बघतो. एजंटने तसं थांबून विचारावं असं वाटत असेल, तर तेही कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. मी हे मांडलं की ‘मॉडेल हुशार आहे, घेईल समजून’ असं उत्तर मिळतं. समजून घेईल म्हणजे अंदाज बांधेल, आणि त्या अंदाजाचं बिल ग्राहकाच्या मेलवर जाऊन पडेल.

रक्कमच घ्या. रुपयांत द्यायची की पैशांत? अनेक पेमेंट सेवा पैशांत मागतात, तिथे ५०० रुपयांसाठी ५०००० लिहावं लागतं. करासह की करावेगळी? काम १०,००० रुपये अधिक १८ टक्के कर असं ठरलेलं असताना साधनाने ती रक्कम करासहित धरली, तर मूळ किंमत ८,४७४ रुपये ५८ पैसे होते. उरलेले दीड हजार व्यापाऱ्याच्या खिशातून जातात. ‘करावेगळी, रुपयांत’ हे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो?

तारखेचंही तेच. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? एक नव्या आर्थिक वर्षात पडते, दुसरी जुन्या. कराचा रकाना तर नुसता ‘टक्के’ म्हणतो. कोल्हापूरच्या कारखानदाराने इचलकरंजीला माल पाठवला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, बेळगावला पाठवला तर आयजीएसटी. माल कुठे पोहोचतो त्यावर हे ठरतं. जीएसटीत २७ हा महाराष्ट्राचा राज्य कोड, २९ कर्नाटकाचा. हा निर्णय साधन स्वतः घेतं की एजंटने घ्यायचा, हे कुठेच लिहिलेलं नाही.

पण मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. एजंटने विनंती पाठवली, उत्तर यायला उशीर झाला, जोडणी तुटली. बिल गेलं की नाही? एजंटला ठाऊक नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. पहिलं बिल गेलेलं असतं. आता एकाच मालाची दोन बिलं, दोन वेगळ्या क्रमांकांची. सीजीएसटी नियम ४६ प्रमाणे क्रमांक ओळीने यावे लागतात, १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव. म्हणून दुसरं बिल गुपचूप पुसून टाकता येत नाही. ते लक्षात आलं नाही तर जीएसटीआर-१ मध्ये जातं आणि न झालेल्या विक्रीचा कर अंगावर येतो. ग्राहकाचा फोन येतो तो वेगळाच.

यावरचा उपाय जुना आहे. प्रत्येक विनंतीसोबत एक खूण पाठवायची, आयडेम्पोटन्सी की. तीच खूण पुन्हा आली तर साधन नवं बिल न काढता आधीचंच परत दाखवतं. या साधनात ती सोय आहे! मी आतला कोड पाहिला आहे. वर्णनात तिचा उल्लेख नाही, म्हणून कोणताही एजंट ती वापरत नाही. ‘हीच विनंती पुन्हा केली तरी परिणाम वाढत नाही’ हे सांगायला प्रोटोकॉलमध्ये वेगळी जागा आहे, तीही मोकळी ठेवली आहे.

‘रद्द करा’ हे दुसरं साधन. वर्णन : ‘इन्व्हॉइस रद्द करते.’ १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस लागू आहे आणि पोर्टलवर ते २४ तासांतच रद्द करता येतं. त्यानंतर क्रेडिट नोट काढायची. हे एका वाक्यात मावतं. ते वाक्य नसल्यामुळे एजंट तिसऱ्या दिवशी रद्द करायला जातो आणि त्याला उत्तर मिळतं : ‘अवैध विनंती.’ काय अवैध, मुदत की क्रमांक की जीएसटीआयएन, काही कळत नाही. मग तो तीच विनंती पुन्हा पाठवतो.

‘अवैध विनंती’च्या जागी ‘२४ तास उलटले, क्रेडिट नोटचं साधन वापरा’ असा सुधारित मजकूर मी दिला आहे. सोबत पाठवण्याच्या साधनासाठीही एक ओळ दिली आहे : आधी मसुदा तयार करा, मालकाला रक्कम आणि ग्राहकाचं नाव दाखवा, त्याने हो म्हटल्यावरच पाठवा. वर्णन लांब होतं या कारणाने ती ओळ परत आली. मी ती पुन्हा पाठवली आहे.