आपण कोण? त्रयस्थ!

फक्त कलम १४ वाचा. बाकीची नाही वाचलीत तरी चालेल, ती लिहिणाऱ्यानेही वाचली नसावीत. सरकारी नोंदींतून नव्या धंद्यांचे ‘ताजे लीड’ काढून वर्गणीवर पुरवणाऱ्या एका सेवेच्या या अटी. कलम १४ म्हणते: पुरवलेली माहिती गोपनीय असून वर्गणीदाराने ती कोणाही त्रयस्थाला देऊ नये.

गोपनीय! माहिती कुठली, तर जीएसटी क्रमांक टाकला की संकेतस्थळावर कोणालाही फुकट दिसते ती. मालकाचे नाव, धंद्याचे नाव, पत्ता, नोंदणीची तारीख. तो क्रमांक दुकानाच्या पाटीवर रंगवायचा, असा नियमच आहे. पाटीवर असेपर्यंत जाहीर, एक्सेलच्या रकान्यात शिरला की गुपित. मोबाइल नंबर तेवढा ‘अन्य स्रोतांतून’ जोडतात. कोणत्या? तेही गोपनीय.

आता एखाद्या काकूंनी मसाल्यांचा धंदा काढला. परराज्यात, गोव्यातल्या दुकानाला माल धाडायचा तर जीएसटी नोंदणी सक्तीची, म्हणून केली. लगेच फोन सुरू. कर्ज हवंय का, वेबसाइट करायची का, ट्रेडमार्क घेतलात का? काकू विचारतात, “अहो, माझा नंबर कुठून मिळाला?” पलीकडचा पोरगा गप्प. बिचारा सांगणार कसा? करार त्याच्या साहेबांचा आणि सेवेचा. नाव काकूंचे, पत्ता काकूंचा, मिरच्या काकूंच्या, पण करारात काकू त्रयस्थ. खरे तर “मसालेवाल्या काकूच ना?” एवढे विचारणेसुद्धा करारभंग, कारण काकूंची माहिती त्याने त्रयस्थ काकूंना फोडली. वर्गणी संपली की माहिती नष्ट करावी, असेही पुढे आहे. नंबर त्या पोराला पाठ झाला असेल तर काय करावे, याबद्दल कलम मौन पाळते. आणि तो काकूंचा भाचाच निघाला तर? दिवाळीला मावशीच्या दारात उभे राहून “आपण कोण?” असे विचारायचे, आणि चकली घ्यायची ती अनोळखी बाईकडून.

माहिती चुकली तर जबाबदारी नाही, पैसे परत नाहीत. हे ओघाने आलेच.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे ना, म्हणाल. आहे. पण कायद्याच्या सक्तीने जाहीर झालेली माहिती त्याच्या कक्षेतच येत नाही. सक्ती काकूंवर, संरक्षण कोणाला कोण जाणे.

कोणाला ते मला कळले आहे. आमच्या गल्लीतला रस्ता दोन पावसाळे टिकला नाही. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून विचारले, ठेकेदार कोण, बिल किती. उत्तर आले: त्रयस्थाची वैयक्तिक माहिती, देता येत नाही. अरे, बिल भरले माझ्या घरपट्टीतून, खड्ड्यात कंबर मोडली माझी, आणि वैयक्तिक काय, तर ठेकेदाराचे नाव! त्याच २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या पोटकलमातून जनहिताचा उल्लेखच खोडला. साहेबांना मग उत्तर शोधायचे कष्टही उरले नाहीत. मसाला विकणारी बाई बाजारात उघडी आणि रस्ता खाणारा पडद्याआड!

त्याचे नाव गल्लीला ठाऊक होतेच, मला ते कागदावर हवे होते. मिळाले. वर्गणीवाल्यांच्या फुकट नमुना यादीत, ‘डांबर व खडीचे ग्राहक’ या मथळ्याखाली, पत्ता आणि मोबाइलसह. नोंदणीची स्थिती: सक्रिय.