गेटपासपुरतं बीपी

सुरतजवळच्या हजीऱ्याहून निघालेली गॅसची पाइपलाइन विजयपूर करून थेट उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरला पोचते. वाटेत कुठे दाब जरा खालीवर झाला की नियंत्रण कक्षात दिवे पेटतात, इंजिनिअर धावतात. त्याच हजीऱ्यात, मोरा गावातल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या खान्देशी वेल्डरचं प्रेशर 170 वर गेलं तर काय पेटतं? काही नाही. डोकंसुद्धा दुखत नाही बऱ्याचदा. तो डबा उचलून शिफ्टला जातो.

इथे पोलाद होतं, युरिया होतो, लष्कराची वज्र तोफ होते. सगळ्यांवर तपासणीचा शिक्का. माणसाचीही तपासणी होते, नाही कशाला म्हणा! उंचीवर चढवण्याआधी ठेकेदाराचा माणूस त्याला दंडाला पट्टा बांधायला पाठवतो. बरोबरच आहे, वर चक्कर आली तर खाली यायला वेळ लागत नाही. पण आकडा जास्त आला की पास नाही, पास नाही तर हजेरी नाही. मग गडी त्या दिवशी सकाळी खोलीतल्या कुणाची तरी गोळी मागून घेतो, पास काढतो आणि गोळी विसरतो. मशीन बिघडलं तर दुरुस्त करतात, माणूस बिघडला तर बदलतात. बदली माणूस गेटबाहेर उभाच असतो.

कायदे भरपूर आहेत. भोपाळ वायुकांडानंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात धोकादायक कामावरच्या कामगाराची कामाआधी आणि मग दर बारा महिन्यांच्या आत तपासणी आली. नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची मालकाने वर्षातून एकदा तपासणी करून द्यायचीय, फुकट. आरोग्य खातं मात्र बीपी-शुगर तिशीपासून शोधतं. म्हणजे धोकादायक कामाच्या यादीत नसेल, तर मधली दहा वर्षं वेल्डरने मालकाला त्रास न देता आजारी असावं, अशी सोय आहे. निरामय गुजरात योजनेत 2021 पासून तिशीवरच्यांची तपासणी होते, तिचा वार शुक्रवार. शुक्रवारी रांगेत उभं राहायचं तर खाडा. खाड्याची भरपाई कुठल्याच योजनेत नाही.

उरली आशा, आरोग्य खात्याची घरोघर फिरणारी स्वयंसेविका. तिकडे धुळ्या-नंदुरबारला ती आशाताई, इकडे आशाबेन. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथल्या फलाटावर चार पावलं टाकली की ताईची बेन होते. पेशंट गाडीतून सहज इकडे येतो. त्याची चिठ्ठी, कार्ड आणि महिन्याच्या गोळ्या मात्र तिकडेच राहतात. गावच्या उपकेंद्रात त्याच्या नावापुढे ‘उपचार सुरू’, इथे त्याचं नावच नाही. गोळी दिवाळीला गावी गेल्यावर मिळते. रक्तदाब तोवर थांबतो, असा दोन्ही राज्यांचा समज दिसतो.

आशाबेनने करावं तरी किती? हजार वस्तीमागे एक आशा, हा नियम. ते हजार मोजताना एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे आठ जण धरले होते का? ती दुपारी दार वाजवते तेव्हा निम्मे कामावर, निम्मे रात्रपाळी करून घोरत पडलेले. एखादा सापडलाच तर फॉर्म भरायचा: तंबाखू, दारू, कमरेचा घेर. शिवाय, आठवड्याला किमान 150 मिनिटं शारीरिक हालचाल करता का? बारा तास वेल्डिंग करणाऱ्याला हा प्रश्न विचारताना तिचं तिलाच हसू येत असणार.

या फॉर्मचे केंद्राच्या दरपत्रकात 10 रुपये. बीपी-शुगर निघालेल्या पेशंटच्या मागे लागून गोळ्या चालू ठेवण्याचे माणशी 50. महिन्याचे नव्हेत, सहा महिन्यांचे. भागाकार करा, महिन्याला साडेआठ रुपयेही होत नाहीत. आपल्याकडच्या आशाताई मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या होत्या, तेव्हा त्यांना ‘आरोग्याचा कणा’ म्हणणारे बरेच भेटले. कण्याला पगार नसतो, हे सोयीचं.

आणि हे काम वाया जात नाही. बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका या तिन्ही देशांतल्या खेड्यांत अशाच बायकांनी घरोघर जाऊन बीपी मोजलं, समजावलं, डॉक्टरकडे धाडलं. दोन वर्षांनी तिथल्या पेशंटांचा वरचा आकडा इतर गावांपेक्षा सरासरी पाचाने जास्त उतरला होता. 2020 साली छापून आलेला अभ्यास आहे. नवं औषध नव्हतं त्यात, दार वाजवणारी बाई होती.

तेव्हा ठेकेदारसाहेब, बीपी निघालं म्हणून पास फाडू नका. महिनाभर जमिनीवरचं काम द्या, गोळी लागू पडली की पुन्हा चढवा. आशाबेनला संध्याकाळी पाळी सुटताना गेटजवळ एक टेबल द्या आणि त्या वेळेचे पैसेही.

तुमच्या भावकीतलं कुणी सुरतेकडे कामाला असेल, तर फोनवर पगार झाला का विचारता, तेव्हा गोळ्या किती उरल्या तेही विचारा. गावच्या चिठ्ठीचा फोटो आजच त्याच्या मोबाइलवर पाठवा.