झुरळांचे यजमान

सोसायटीतली सेक्रेटरी, खजिनदार ही पदं निवडणुकीने भरतात, नाहीतर जबरदस्तीने. झुरळवाले काका मात्र स्वयंभू असतात. रिटायर होऊन फंडाचे पैसे बँकेत पडले, गुडघ्यांनी सकाळच्या फेरीला नकार दिला, की या माणसाचं लक्ष हळूहळू ओट्याखाली जातं. तिथून ते परत येत नाही.

झुरळ दिसलं की आपण चप्पल शोधतो, काका चष्मा शोधतात. जर्मन की अमेरिकन हे ठरल्याशिवाय त्यांच्या हातून हिंसा होत नाही. मोरीच्या जाळीतून वर येणारं, तांबूस, दांडगं ते अमेरिकन. त्याला आंबलेलं प्रिय, म्हणून बिअरमध्ये भिजवलेला पाव हे त्याचं आमिष. (हा बेत काकांनी मांडला होता. उरलेली बिअर कोण संपवणार, या एका प्रश्नात काकूंनी तो निकालात काढला.) ट्रॉलीच्या बिजागरीत आणि मिक्सरच्या बुडाशी संसार थाटणारं, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं छोटं ते जर्मन. ‘नावाला जर्मन हो!’ काका लिफ्ट अडवून सांगतात. ‘2024 साली जनुकं तपासली, तर मूळ निघालं भारत-म्यानमारच्या बाजूचं. 2100 वर्षांपूर्वीचं. म्हणजे सातवाहनांच्या काळातलं!’ चेहऱ्यावर असा अभिमान, की आता याला मारायचं तरी कसं, असा आपल्यालाच प्रश्न पडावा.

पण काका मारतात, आणि तेही खाऊ घालून. रविवारी दुपारी काकांची परात निघते. ती वेगळी आहे, तिच्या कडेला काकूंनी लाल ऑइलपेंटने फुली मारली आहे. कॅरमवर टाकतात तीच बोरिक पावडर, कणीक, पिठीसाखर, किसलेला कांदा आणि बेताचं कंडेन्स्ड मिल्क. पोळीची कणीक काकांनी जन्मात मळली नाही, पण ही मात्र मऊसूत तिंबून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवतात. ‘पावडर जास्त झाली तर तोंड लावत नाहीत. गोळी वाळून खडा झाली तरी लावत नाहीत.’ घरात भाजी खारट झाल्याची तक्रार करणाऱ्याला काकू जे ऐकवतात, ते झुरळांना ऐकवायची काकांची हिंमत नाही. हरभऱ्याएवढ्या गोळ्या फ्रिजच्या मागे, सिंकखाली, गॅसच्या नळीच्या कोपऱ्यात जातात. नातू आला की सगळ्या मोजून उचलल्या जातात. एक कमी भरली तर काकू कपाटं सरकवतात.

या विषात घाई नाही, हे काकांना विशेष आवडतं. झुरळ खातं, भिंतीतल्या फटीत घरी जातं, काही दिवसांनी मरतं. पावडर पायांना, मिशांना लागली तरी चाटून स्वच्छ करताना पोटात जातेच. शेजारच्या वहिनींनी एकदा गोळ्यांच्या शेजारीच फवारा मारला, तेव्हा काका तळमळले. ‘अहो, त्या वासाने ती गोळीकडे फिरकणारसुद्धा नाहीत. जेवायला बोलावून दारात लाठीमार करता?’ त्याच वहिनींचा ओटा रात्री खरकटा असतो, हेही ते सोडत नाहीत. जिथे आयतं वरण-भाताचं शीत मिळतं, तिथे औषधाची गोळी कोण खाणार?

खरी मेख पिठीसाखरेत आहे. काकांना मधुमेह आहे, साखरेचा डबा वरच्या फळीवर आणि किल्ली काकूंच्या कमरेला. रविवारची परात हा त्यांचा साखरेशी उरलेला एकमेव अधिकृत संबंध. पावडर पडण्याआधी दोन चमचे कंडेन्स्ड मिल्कची चव बघावी लागते, हा नियम त्यांनीच केलेला. न चाखता वाढणं त्यांच्या संस्कारात बसत नाही.

घात त्यांच्या विद्वत्तेनेच केला. एका संध्याकाळी पाहुण्यांसमोर त्यांनी रंगात येऊन सांगितलं, की अमेरिकेत फ्लोरिडामध्ये झुरळं गोड आमिष खाईनाशी झाली. ग्लुकोज टाळणारी जातच तयार झाल्याचं 1993 साली जाहीर झालं, आणि त्यांच्या जिभेला ग्लुकोज चक्क कडू लागतं, हे 2013 मध्ये सिद्ध झालं. झुरळाला जीभ असते का, असं एका पाहुण्याने विचारलं. काका तोंडाजवळच्या बारीक सोंडांवर बोलू लागले. काकू आतून ऐकत होत्या.

पुढच्या रविवारी परातीत कणीक, कांदा आणि बोरिक पावडर एवढंच होतं.

‘साखर?’

‘त्यांना कडू लागते म्हणालात ना?’

‘अगं, ती फ्लोरिडातली! आपल्याकडची अजून खातात.’

‘खातात ना? मग मी घालते की.’ काकूंनी कंडेन्स्ड मिल्कचा डबा फोडला, थेट पावडरीवर ओतला, चमचाही त्यातच घोळला आणि परात पुढे सरकवली. ‘हं. आता मळा.’